समाजशास्त्राला येताय? मग चहाचा कप कुणी विसळला ते विचारा

पुण्यात समाजशास्त्र घेतलंय म्हटलं की समोरून दोनच प्रश्न येतात. "म्हणजे एनजीओ का?" आणि "यूपीएससीला ऑप्शनल का?" पहिला घरमालकीणबाई विचारतात, दुसरा, म्हणजे परीक्षेला ऐच्छिक विषय म्हणून घेतलाय का हा, अभ्यासिकेतली पोरं. दोघांनाही "तसंच काहीसं" म्हणून पुढे सटकायची सवय मला लागली होती. यंदा एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्या मुली मेसेज करून पुन्हा तेच विचारायला लागल्या, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

एनजीओचं आधी संपवते. समाजकार्य हा वेगळा अभ्यासक्रम आहे, एमएसडब्ल्यू. अडचणीतल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याला योजनेपर्यंत पोचवायचं कसं, संस्था चालवायची कशी, हे तिथे शिकवतात. आपल्याकडे हे शिकवत नाहीत. ही अडचण याच वस्तीतल्या माणसांवर का आली आणि रस्त्यापलीकडच्यांवर का आली नाही, हे आपल्याकडे विचारतात. तुमचा जीव पहिल्या कामात रमत असेल तर खुशाल तिकडे जा. इथे येऊन दोन वर्षं "पण मग उपाय काय?" म्हणत चिडचिड करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं काही चुकत नव्हतं, फक्त वर्ग चुकला होता.

यूपीएससीवाल्यांशी मला जास्त बोलायचंय, कारण मी त्याच दाराने आत आले. लातूरकडून आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणारी, सकाळी अभ्यासिकेत जागा धरायला पळणारी. ऑप्शनल समाजशास्त्र घे, असं सगळेच सांगतात. दोन पेपर, पाचशे मार्क, अभ्यासक्रम आटोपशीर, जीएस (सामान्य अध्ययन) आणि निबंधालाही कामी येतो. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल मारून आणलेल्या नोट्समधून हा विषय वाचला की होतं काय, की विचारवंतांची नावं पाठ होतात आणि त्यांनी विचारलेला प्रश्न हातातून सुटतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डर्कहाइमचंच घ्या. त्याने सांगितलेले आत्महत्येचे चार प्रकार मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पण १८९७ साली या माणसाने नेमकं धाडस काय केलं, हे नोट्समधून मला कधी दिसलं नाही. एखाद्याने जीव का दिला, हे त्याने विचारलंच नाही. एका देशातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच कसं राहतं, हे त्याने विचारलं. प्रोटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा जास्त का, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त का. माणसाने अगदी एकट्याने घेतलेला म्हणून जो निर्णय आपण समजतो, त्याचा आकडा समाजाच्या घडणीप्रमाणे वरखाली होतो, हे दाखवणं ही काही साधी गोष्ट नाही.

मला हे कळलं ते अभ्यासिकेतच. निकाल लागला की तिथे प्रत्येक टेबलावर एकच वाक्य ऐकू यायचं, "माझाच अभ्यास कमी पडला." आता जागा काही शे आणि अर्ज लाखांत असतील, तर अभ्यास कितीही वाढवला तरी बहुतेकांच्या वाट्याला नापास होणंच येणार, हे गणित शेंबड्या पोरालाही सुटेल. आणि या टेबलांवर मराठवाडा, विदर्भ, खानदेशातलीच पोरं इतकी का? गावाकडे जमिनीचे तुकडे किती झाले, तिथे पगाराची नोकरी कुठली उरली, सरकारी नोकरी नसलेल्या मुलाला लग्नाच्या बाजारात काय भाव येतो, हे जोडून पाहिलं की त्या वाक्याचा रंगच बदलतो. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हेच मांडलं होतं. शहरात एकच माणूस बेकार असेल तर ते त्याचं खाजगी दुखणं. कोट्यवधी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या माणसांच्या स्वभावात शोधून मिळत नाही.

हा विषय का शिकायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. त्याने मला माझ्या नापास होण्याकडे जरा शांतपणे बघता आलं. पोस्ट मिळाली नाही ती नाहीच. (आई अजून विचारते.)

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो सापळा. मी त्यात पुरती अडकले होते आणि दरवर्षी कुणी ना कुणी अडकतंच, त्यामुळे इथे मी पाल्हाळ लावणार आहे.

एम.ए.च्या शेवटाला लघुप्रबंध करायचा होता. मी विषय घेतला पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका. हे गाव आपल्या विषयात जुनं आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी तिथल्या शेतजमिनीची पाहणी करून १९१७ साली ती छापली. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांचं असलेलं खातं १९१५ च्या सुमाराला सात एकरांवर आलं होतं, हे त्यांनी दाखवलं. आज तिथे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्यांचे टॉवर उभे आहेत. अशा जागेवर काम करायचं म्हणून मी हरखून गेले आणि प्रश्नावली करायला बसले.

"घरकाम करणाऱ्या व्यक्तीला तुम्ही समानतेची वागणूक देता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही." असा प्रश्न. गूगल फॉर्मवर टाकला, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ओळखीच्या ताईंनी फिरवला, भराभर उत्तरं आली. पाय चार्ट काढला तर तो जवळजवळ एकाच रंगाचा. दुसऱ्या बाजूने बायकांना विचारलं, "वागणूक चांगली मिळते का?" त्याही म्हणाल्या, "मिळते की. चांगली माणसं आहेत." झालं! शहरी मध्यमवर्गात समता रुजते आहे, असा निष्कर्ष मी लिहून मोकळी होणार होते. गंमत म्हणजे संदर्भ, तक्ते, टक्केवारी सगळं नियमात बसलं असतं आणि मार्कही मिळाले असते.

वाचले ती गेटवरच्या गप्पांमुळे. दोन कामांच्या मधल्या वेळात बायका सिक्युरिटीच्या केबिनमागे सावलीला टेकतात. तिथे सहज विचारलं, "चहा झाला का आज?" तर एकमेकींतच सुरू झालं. एकीला एका घरी स्टीलच्या पेल्यातून मिळतो, तो पेला बेसिनखालच्या कप्प्यात असतो, घासणीच्या डब्याशेजारी, आणि आपला आपण विसळून तिथेच ठेवायचा. दुसरी म्हणाली, "माझी वहिनी कपातूनच देते, तशी ती चांगलीय. पण मी धुतलेला कप ती परत एकदा पाण्याखाली धरते. मी बघत नाही असं तिला वाटतं." तिसरी घरूनच पिऊन येते, म्हणाली, कटकटच नको. कुणाच्या घरी खाली बसायचं, कुणाच्या घरी ओट्याला टेकून उभ्याने प्यायचं, कुठल्या घरी देवघरावरून फडकं मारायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. नव्याने कामाला लागलेल्या मुलीला त्या ते आधीच सांगून ठेवायच्या.

फॉर्म भरणारे खोटं बोलले होते का? नाही, आणि हीच खरी गोम आहे. पेला वेगळा ठेवणाऱ्या बाईंनी त्याच मावशींच्या मुलीची शाळेची फी भरली होती. "समानतेची वागणूक" म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर ती फी आली. मावशींच्याही डोळ्यांसमोर तीच आली, शिवाय वेळेवर होणारा पगार. माणसं आपल्याबद्दल जे मानतात ते सांगतात. वाकडा माझा प्रश्नच होता, कारण मी त्यांना वागणं न विचारता स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र मागत होते.

म्हणून सांगते, प्रश्नावलीत "नेहमी", "सहसा", "मानता का", "वाटतं का" हे शब्द दिसले की लाल पेनाने गोल करा. त्या जागी शेवटची घडलेली गोष्ट विचारा. हुंडा घेता का, असं विचारलं तर महाराष्ट्रात एकही माणूस घेत नाही. हॉलचा खर्च कुणी केला, फ्रीज आणि कपाट कुणाकडून आलं, गाडी कुणाच्या नावावर झाली, हे विचारा. घरातले निर्णय मिळून घेता का, असं विचारू नका. घरात शेवटचा मोबाइल आला तो कुणी पसंत केला आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले, ते विचारा. भाडेकरू ठेवताना जात बघता का, असं विचारलं तर दार लागेल. आधीचे भाडेकरू कोण होते आणि कसे मिळाले, हे विचारलं तर घरमालक अर्धा तास बोलतात. जात मानता का, याऐवजी घरातल्या गेल्या काही लग्नांच्या पत्रिका बघायला मागा. जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं होतं. पत्रिका चाळल्या की वाद घालायची वेळच येत नाही.

मोठमोठ्या पाहण्या करणाऱ्यांनाही हे करावं लागतं. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात, म्हणजे एनसीएईआर आणि मेरीलँड विद्यापीठाने केलेल्या, अस्पृश्यतेबद्दल आधी सरळ विचारलं होतं, घरात कुणी पाळतं का. जे "नाही" म्हणाले त्यांना पुढे विचारलं, दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का. तिथे आणखी काही घरं अडखळली. दोन्ही मिळून देशातली सुमारे २७ टक्के घरं अस्पृश्यता पाळणारी निघाली. पहिल्याच प्रश्नावर थांबले असते तर आकडा कमी आला असता आणि आपण सगळे खूश झालो असतो.

आणि पुण्यातच राहून इरावतीबाई कर्व्यांना विसरायचं कसं? डेक्कन कॉलेजात १९३९ पासून त्यांनी समाजशास्त्र उभं केलं. पंढरीच्या वारीला त्या चालत गेल्या, दिंडीत राहिल्या. विठ्ठलापुढे सगळे सारखे, हे अभंग त्यांनी ऐकले, त्यात रमल्याही. पण चालायला कोण कुणाबरोबर आणि मुक्कामाला पंगत कुणाची कुणाबरोबर, हेही पाहिलं. ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळे चालत होते, वेगवेगळे जेवत होते. त्याचा सल त्यांनी लिहून ठेवला आहे. कुठली प्रश्नावली घेऊन त्या गेल्या नव्हत्या. भक्तीही खरी आणि वेगळी पंगतही खरी, असं दोन्ही एकाच पानावर मांडायला जी नजर लागते तिच्यासाठी हा विषय शिकायचा.

या सापळ्याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे तुम्ही स्वतः. मी खेड्यातून आलेली, मला काय सांगता गावाचं, हा माज पहिल्या सत्रात माझ्यात होता. पुण्यातल्या मुलींचा माज वेगळा, "आमच्याकडे असलं काही नसतं" हा. दोन्ही सारखेच निरुपयोगी. शिवाय समोरचा माणूस तुमचं आडनाव ऐकून मगच तोंड उघडतो, हे लक्षात ठेवा. एकाच सोसायटीत माझी मैत्रीण गेली आणि मी गेले, आम्हाला मिळालेली उत्तरं वेगळी होती. आडनाव बदलता येत नाही, पण कुठलं उत्तर कुणाला मिळालं, हे वहीत लिहिता येतं. ते लिहा, आणि त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी आठवतं ते तुमचं मत असतं.

आणि एक दम देऊन सांगते. टॉवरचं नाव, मजला, फ्लॅट नंबर कच्च्या वहीतसुद्धा लिहू नका. तुमचा प्रबंध कपाटात जाईल, पण ती वही कुणाच्या हाती लागली तर बाईचं काम जाईल. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, पण "उद्यापासून येऊ नको" हे अजूनही एका फोनवर होतं.

घाबरलात का? घाबरू नका. पहिल्या प्रश्नावल्या सगळ्यांच्याच अशा असतात. चार माणसांवर आधी चाचणी घ्या, सगळ्यांनी एकसारखं आणि गोड उत्तर दिलं की समजा प्रश्न फसला, बदला. सुधारायला एक आठवडा पुष्कळ होतो.

प्रबंधाच्या गाईडबद्दल. पहिल्याच भेटीत "हा विषय घे, डेटा मी देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. तुम्ही त्यांच्यासाठी फुकटात माहिती गोळा करणारे फील्ड इन्व्हेस्टिगेटर होऊन बसता. नाव मोठं असलं की गाईड चांगला, हेही खोटं. तुमचं पान वाचून समासात काहीतरी खरडून परत देतो, तो चांगला. क्लासवाल्यांच्या "महिन्यात ऑप्शनल संपवा" वगैरे जाहिरातींवर मी काय बोलू? संपतो, अभ्यासक्रम संपतो. आणि चॅटजीपीटीकडून सारांश काढून वाचणाऱ्यांनो, मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ अवघड आहे कारण तो अवघडच आहे. सारांश वाचून तो सोपा वाटला तर तुम्ही वेबर वाचलेला नाही, एवढंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पहिलं सत्र रडवतं. मलाही रडवलं. एक पान, एक तास, असा वेग होता. तो वाढतो. मधल्या काळात मराठीतलं वाचून घ्या, ते कमी दर्जाचं आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या कर्जाचा, सरकारी कारकुनीचा आणि पोरांच्या शिक्षणाचा जो सांधा जोडून दाखवला, त्र्यं. ना. आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा'त बलुतेदारीचा जो हिशोब मांडला, विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९३३ मध्ये अस्पृश्यतेवर जे लिहिलं, ते वाचायला शब्दकोश लागत नाही. यातल्या कुणाकडे समाजशास्त्राची पदवी नव्हती. शर्मिला रेगे तर पुणे विद्यापीठातच शिकवायच्या. लावणी करणाऱ्या बायकांच्या कामाकडे जात आणि श्रम म्हणून बघायला त्यांनी शिकवलं. त्या २०१३ मध्ये गेल्या, माझी पिढी त्यांच्या वर्गात बसू शकली नाही, याची हळहळ वाटते.

संख्याशास्त्र टाळू नका. आर्ट्सला आलो म्हणजे गणितातून सुटलो, हे डोक्यातून काढा. टक्केवारी, सरासरी, सॅम्पल कसा काढतात आणि एक्सेल, एवढं आलं तरी तुम्ही वर्गातल्या निम्म्यांच्या पुढे असता.

पोटापाण्याचं सरळ सांगते. प्राध्यापकी डोळ्यांसमोर ठेवून येत असाल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढावी लागेल आणि त्यानंतरही बरीच वर्षं सीएचबीवर, तासाच्या पैशांवर, काढायची तयारी लागेल. सुट्टीत ते पैसेही थांबतात. पीएच.डी. झालेली माणसं दोन-तीन कॉलेजांत तास घेत टू-व्हीलरवर फिरताना मी रोज बघते. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर चित्र बरं होतं. त्याउलट पाहणीच्या कामाला पुण्यात तोटा नाही. आरोग्य, शिक्षण, पाणी यांवर काम करणाऱ्या संस्था, कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचे, प्रकल्प, बाजाराचा अभ्यास करणाऱ्या एजन्सी, अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांतलं वापरकर्त्यांचं संशोधन. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि टॅबलेट घेऊन उन्हात हिंडावं लागतं. पण लोकांशी बोलता येतं आणि बोललेलं नीट लिहिता येतं, अशी माणसं त्यांना मिळत नाहीत, हे मी आता कामाला घेणाऱ्यांच्या बाजूने बसून सांगतेय.

पदवीला विषय नव्हता म्हणून बिचकू नका. माझ्या वर्गात बी.कॉम.वाले होते, एक इंजिनिअरिंग सोडून आलेला होता, आणि सांख्यिकीत तोच आम्हाला शिकवायचा. वर्ग सुरू व्हायच्या आधी पीएमपी बसचा मासिक पास काढून ठेवा. फील्डवर्कच्या येण्याजाण्याचे पैसे कुणी देत नाही, आणि गेटवर बसून राहायचं तर रोज जावं लागतं.